डाव्या बाजूचा निळा ठिपका

२००८च्या पावसाळ्यात मुठा खोऱ्यातल्या त्या वाडीत सगळ्यांची चिखलणी पॉवर टिलरने चालली होती. कोंडिबाची पायाने.

भाताची रोपं लावायच्या आधी खाचरात पाणी धरून मातीचा लगदा करावा लागतो. टिलरने एक खाचर न्याहारीपासून दुपारपर्यंत उरकतं. कोंडिबाला आठवडा लागायचा. आधी तो पाटी घेऊन खाचरात उतरायचा, वाकून दोन्ही हातांनी बेडूक धरायचा, पाटीत टाकून वर ओलं गोणपाट झाकायचा आणि वरच्या पडीक तुकड्यात सोडून यायचा. पाण्यावर अंड्यांची साय तरंगताना दिसली, तर ती पातेल्यात उचलून पडकातल्या डबक्यात ओतायचा. खाचर रिकामं झालं याची खात्री पटली की मग तुडवायला सुरुवात.

भावकीतला थोरला गेणबा टिलर घेऊन शेजारून जाताना हमखास थांबायचा. "कोंड्या, झाली का हजेरी? कुणी गैरहजर आसंल तर नोटीस काढ त्येला."

कोंडिबा मान वर करायचा नाही. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. वाडीत त्याला बेडकांचा मालक म्हणत. तो असं का करतो हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याने स्वतःच सांगितलं होतं.

त्यांच्या भावकीत एक रीत होती. बायको पोटुशी असली की नवऱ्याने जिवंत प्राण्यावर पातं चालवायचं नाही. कोंबडी दुसऱ्याने कापायची. घरात साप निघाला तर शेजाऱ्याला हाक मारायची. १९९९ साली लीलाबाई पोटुशी होती तेव्हा कोंडिबाने रीत कसोशीने पाळली. जत्रेच्या बकऱ्याला त्याने दोरसुद्धा धरला नाही. फक्त टिलर या रीतीत बसतो का, हे कोणी विचारात घेतलं नव्हतं. नांगराला कोणी पातं म्हणत नसे आणि टिलर म्हणजे नांगरच, असा सगळ्यांचा समज. त्या आषाढात भावकीने पहिल्यांदाच टिलर भाड्याने आणला आणि कोंडिबाच्या खाचरात तो कोंडिबानेच चालवला.

बैलाचं पाऊल लांबून कळतं, बेडूक सरकतो. टिलरची फिरती पाती त्याला तेवढा वेळ देत नाहीत. चिखलातून एक मोठा पिवळा बेडूक वर आला. त्याचा खालचा जबडा डाव्या बाजूने गेला होता. बेडूक जिवंत होता. गळा फुगत होता, पण आवाज निघत नव्हता, नुसता बुडबुडा येत होता. कोंडिबाने टिलर बंद केला आणि तो मरेपर्यंत तिथेच उभा राहिला. लीलाबाईला सहावा महिना होता.

दिवाळीनंतर पौडच्या दवाखान्यात मुलगी झाली. नर्सने दुपटं उघडून दाखवलं. डावा जबडा खुजा होता, हनुवटी डावीकडे ओढलेली, आणि डाव्या कानाच्या जागी चिंचोक्याएवढी मांसाची गाठ. कोंडिबा एकच वाक्य बोलला.

"ह्यो त्योच हाय."

नर्सला वाटलं, धक्क्याने माणूस काहीतरी बरळतोय.

त्याच साली श्रावणाच्या तोंडावर सूर्यग्रहण झालं होतं. अशा वेळी वाडीतली बोटं आईकडे वळतात. पण ग्रहण सुटेपर्यंत लीलाबाई घरात एका जागी बसून होती, विळीच्या आसपास फिरकली नव्हती, आणि भावकीतल्या चार बायका तिच्याजवळ होत्या. आईवर ठपका ठेवायला जागाच उरली नाही. मग कोंडिबाने बेडकाची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांचं समाधान झालं. त्याने बांधावर जिथे बेडूक पुरला होता तिथे एक दगड मांडला आणि त्यावर हात ठेवून शब्द दिला, की या तोंडाला पुन्हा पातं लागणार नाही. पात्याने झालेलं पात्याने निस्तरत नाही, उलट उरलेलंही जातं, असा त्याचा हिशेब होता.

मुलीचं नाव शुभांगी. तिचं तोंड एका बोटाच्या जाडीपेक्षा जास्त उघडत नसे. दुधात कालवलेला भात, आमटीत भिजवलेली भाकरी, पातळ पिठलं यांवर ती वाढली. दातांच्या फटीतून बोलायची, पण बोलायची भरपूर. शाळेत हुशार. अधूनमधून गाल धरून बसायची, तेव्हा लीलाबाई बोट जाईल तिथवर लवंगेचं तेल चोळायची. बोट फार आत जात नसे.

ती पाच वर्षांची असताना लीलाबाई भावाला सोबत घेऊन तिला पुण्याला दाखवून आली. सर्जनने सांगितलं की कानासमोरचा जबड्याचा सांधा नीट झालेला नाही. तो मोकळा करून तिथे बरगडीचा तुकडा बसवता येईल. तुकडा मुलीबरोबर वाढेल. मात्र उजवी बाजू वाढत जाईल तसा चेहरा आणखी वाकडा होईल, म्हणून उशीर नको. कोंडिबाने नकार दिला. दोन वर्षांनी शाळेतल्या तपासणीत पुन्हा तेच सांगितलं गेलं, त्याने पुन्हा नकार दिला. सही बापाची लागणार होती. त्या रात्री लीलाबाई म्हणाली, "तुमचा बेडूक तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. पोरीच्या ताटात नको." त्यानंतर ती कामापुरतंच बोलू लागली.

टिलर आणि खतांनी आजूबाजूच्या खाचरांतला बेडूक हटत गेला तसा कोंडिबाच्या खाचरात तो वाढत गेला. म्हणूनच सुनीती तिथे पोचली.

सुनीती पुण्यात पीएच.डी. करत होती. बेडकाच्या डोक्यातली आणि गळ्यातली कूर्चा गर्भात नेमकी कुठून येते, हा तिचा विषय. कूर्चा म्हणजे हाडाआधीचं मऊ हाड. लीलाबाईला तिने ते मटणातलं कुरकुरीत हाड असं सांगितलं. मुळशीत पंधरा दिवस फिरूनही तिला पुरेशी अंडी मिळत नव्हती. पौडच्या स्टँडवर चहा पिताना कोणीतरी हसत हसत बेडकांच्या मालकाचा पत्ता दिला. तिने कोंडिबाची मागची खोली पावसाळ्यापुरती भाड्याने घेतली.

कोंडिबाने एवढंच विचारलं, "बेडूक कापणार का?"

मोठ्या बेडकाला हात लावणार नाही, असं सुनीतीने सांगितलं. तिला अंडी हवी होती आणि त्यांतल्या काहींना रंग लावायचा होता. कोंडिबाने होकार दिला. रंग न लावलेल्या अंड्यांचं काय करणार, ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

खोलीत टेबलावर सूक्ष्मदर्शक आला, बॅटरीवरचा दिवा आला, तळाला मेण ओतलेल्या काचेच्या वाट्या आल्या. एवढ्या लहान कामाला लोखंडाची सुई जाड पडते. काडीच्या टोकाला केस चिकटवून त्याची सुई करतात. सुनीतीचा स्वतःचा केस राठ होता, लहान मुलाचा मऊ केस हवा होता. तिने शुभांगीकडे मागितला. परक्या माणसाला घरच्या मुलीचा केस देत नाहीत. लीलाबाई घुटमळली. तोवर शुभांगीने उजव्या कानामागचा एक केस उपटून सुनीतीच्या तळहातावर ठेवलाही होता. डावीकडे ती कोणाला हात लावू देत नसे.

शाळा सुटली की शुभांगी त्या खोलीत. मागोमाग लीलाबाईही येऊन दारात टेकू लागली. सुनीतीने त्यांना काम दाखवलं. मोहरीएवढ्या अंड्याच्या पाठीवर एका दिवसात दोन उंचवटे उभे राहतात, खाचराच्या दोन बाजूंना बांध असावेत तसे. ते एकमेकांकडे झुकतात आणि मधोमध जुळतात. ते जुळण्याआधी सुनीतीने डाव्या बांधावर, डोक्याकडच्या टोकाला, निळ्या रंगाचा ठिपका दिला.

दोन दिवसांनी अंड्यात शेपटीचं पिल्लू झालं होतं. लीलाबाईने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. ठिपका पाठीवर नव्हता. डोळ्याखालून उतरून तो तोंडाच्या खाली गेला होता, डाव्या बाजूला. थोडा निळा आणखी खाली, गळ्याशी, कल्ले फुटतात तिथे.

"रंग धुपला वाटतं," लीलाबाई म्हणाली.

"धुपला नाही. चालत गेला." पाठीवरच्या त्या बांधातले कण तिथून निघतात, दोन्ही बाजूंनी खाली उतरतात आणि जबड्याच्या जागी पोचल्यावर त्यांची कूर्चा होते, असं सुनीतीने समजावलं. वाटेत काही बिनसलं तर त्या बाजूचा जबडा होत नाही.

लीलाबाई बराच वेळ नळीवरून उठली नाही. उठली तेव्हा तिने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला, मग हनुवटीवरून.

"म्हंजी तोंड तोंडाच्या जागी व्हतच न्हाई?"

"नाही. मागून येतं."

हे ऐकून लीलाबाई हादरली. तिने पुढच्या दोन दिवसांत शेजारच्या बायकांना ते सांगून पाहिलं. कोणी विश्वास ठेवला नाही. गेणबा म्हणाला, कोंड्याच्या घरात आता बायकोला पण लागण झाली.

टेबलाच्या मागच्या कडेला आणखी काही वाट्या होत्या, रुमालाखाली. एका दुपारी सुनीती हौदावर पाणी आणायला गेली असताना शुभांगीने रुमाल उचलला आणि एक वाटी नळीखाली ठेवली. हे तिला आता जमत होतं. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि अंगणात हाक मारली.

"आबा, हितं या. ह्ये माझ्यागत हाय."

कोंडिबा खाचरातून आलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्या खोलीत तो कधी आला नव्हता. उंबऱ्यावर तो थांबला, मग तसाच आत आला आणि वाकून नळीला डोळा लावला.

उजेडात पिल्लू एका जागी गोल फिरत होतं. उजव्या बाजूला जबडा होता. डाव्या बाजूला तोंडाखालचा भाग खचलेला होता, तोंड तिकडे ओढलं गेलं होतं. गळा फुगत होता, बसत होता.

सुनीती कळशी घेऊन आली तेव्हा कोंडिबा भिंतीला पाठ लावून उभा होता. लीलाबाई चुलीपुढून उठून आली होती. भिंतीवर चिखलाचा हात उमटला होता.

"कापलं कशानं?" कोंडिबाने विचारलं.

सुनीतीने कळशी खाली ठेवली. तिने काहीही लपवलं नाही. डाव्या बांधाचा डोक्याकडचा तुकडा तिने अंड्यातच बाजूला काढला होता. तो काढला तर त्या बाजूची कूर्चा होते का, हे बघायचं होतं. होत नाही, हे दिसलं. पातं लावलं नव्हतं. केसाने काढला.

"क्येस कुणाचा?"

सुनीतीने शुभांगीकडे पाहिलं. शुभांगी म्हणाली, "माझा."

कोंडिबाचं तोंड उघडं राहिलं. नऊ वर्षं तो ज्या गोष्टीपायी खाचरातला एकेक बेडूक हाताने उचलत होता, ती गोष्ट त्याच्या घरात, त्याच्या मुलीच्या केसाने, भाड्याच्या खोलीत करून ठेवलेली होती. मुलगी वाटीकडे अजून कुतूहलाने बघत होती. त्याने सुनीतीला सांगितलं की सकाळी खोली मोकळी करायची. आवाज चढवला नाही. तिनेही वाद घातला नाही, वाट्या गोळा करायला घेतल्या.

लीलाबाई दारातून हलली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

"ताई, बेडकाचं दोन दिसांत व्हतं. माणसाच्या पोराचं कवा व्हतं?"

सुनीतीने वाटी खाली ठेवली. ती सांभाळून बोलली. शुभांगीच्या बाबतीत काय बिनसलं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि असं का होतं ते डॉक्टरांनाही बहुतेक वेळा सांगता येत नाही. पण माणसातही जबड्याचे कण असेच मागून येतात, आणि दिवस राहिल्यापासून दोन महिने भरायच्या आत त्यांची मांडणी झालेली असते.

"दोन महिनं," लीलाबाई म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली. "पाडव्याला मला वांत्या लागल्या व्हत्या. तुमीच चिंच आणली व्हती. टिलर आला आखाडात. मधी त्या साली अधिक महिना सुदिक व्हता."

कोंडिबाने नकारार्थी मान हलवली. आधी चांगलं झालं असेल, मग टिलरच्या वेळी बिघडलं असेल, असं तो म्हणाला.

"दादा, झालेला जबडा असा विरघळत नाही," सुनीती म्हणाली. "तुमचा टिलर खाचरात आला तेव्हा शुभांगीचं तोंड असंच होतं."

सुटकेसारखं काही कोंडिबाच्या चेहऱ्यावर आलं नाही. तो नळीकडे गेला, पुन्हा वाकला, पुन्हा ते गोल फिरणारं पिल्लू पाहिलं. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. सर्जनने उशीर नको म्हणून सांगितलं होतं, ते त्याला आठवलं असावं. लीलाबाईला तर ते रोज आठवत होतं.

"बेडकाचं पाप तुमचं नव्हतं," ती म्हणाली. "ह्ये मातूर तुमचंच."

तो बाहेर गेला. हौदावर बसून त्याने पाय धुतले, नखांतला चिखलही काढला. मग दारात येऊन विचारलं, "पुण्याची यष्टी कवा हाय?"

खोली मोकळी करायचा विषय पुन्हा निघाला नाही. म्हशीला वैरण घालायला घरी कोणीतरी हवं होतं आणि सुनीती होती.

पुण्याला सर्जनने जुने कागद पाहिले, नवे फोटो काढले आणि आधी आणलं असतं तर एका ऑपरेशनमध्ये भागलं असतं, असं शांतपणे सांगितलं. आता सांधा घट्ट धरला होता. वरचा जबडाही कलला होता. दोन ऑपरेशनं लागणार होती, दुसरं वर्षभराने. तोंड उघडत नसल्यामुळे भूल देताना श्वासाची नळी घालायला अडचण येईल, कदाचित गळ्याला भोक पाडावं लागेल. गळा हा शब्द ऐकून कोंडिबा खुर्चीवरून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. लीलाबाईने त्याला हाक मारली नाही. तो आपणहून परत आला, सही केली.

गळ्याला भोक पाडावं लागलं. बरगडीचा तुकडा, टोकाला कूर्चा असलेला, डाव्या सांध्यात बसला. ऑपरेशन ठरल्यापेक्षा लांबलं. बाहेर येऊन सर्जनने ते व्यवस्थित झाल्याचं सांगितलं आणि एक छोटी बाटली कोंडिबाच्या हातात दिली. आत चार दाढा होत्या. काळ्या, पोकळ, एकीचं नुसतं कवच उरलेलं.

कोंडिबाला ते काय आहे हे कळलंच नाही. सर्जनने सांगितलं की भुलीत तोंड उघडल्यावर डावीकडे मागे सगळं किडलेलं सापडलं, ते काढावं लागलं. ब्रश कधी पोचलाच नव्हता, कोणाला दिसलंही नव्हतं. खाली पू होता. ही मुलगी कित्येक वर्षं दाढदुखी सोसत असणार. ती कधी बोलली नाही का?

ती बोलली होती. गाल धरून बसत होती. बापाने ते बेडकाच्या शापाचं दुखणं धरलं होतं, आईने लवंगेचं तेल लावलं होतं. आपल्या मुलीच्या तोंडात मागे काय आहे, हे दोघांनी आजवर पाहिलंच नव्हतं. लीलाबाईने बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि तिथेच जमिनीवर बसली. कोंडिबाने बाटली परत घेऊन खिशात ठेवली. गावी आल्यावर ती त्याने बांधावर पुरली नाही. घरात खिडकीवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

सुनीती भेटायला आली तेव्हा त्याने तिला एकच शंका विचारली. बरगडीचं कुरकुरीत हाड पण मागून, त्या बांधावरूनच येतं का? ती म्हणाली, नाही. बरगडीची कूर्चा वेगळ्या कणांची असते. तोंडाच्या घराण्यातली नाही.

"परकंच की मंग," कोंडिबा म्हणाला. "तरी धरलं."

२०१०च्या पावसाळ्यात शुभांगी पाचवीत होती. दुसरं ऑपरेशन होऊन गेलं होतं. चेहरा सरळ झाला नव्हता, पूर्ण होणारही नव्हता. गळ्याशी आणि जबड्याखाली व्रण होते. तोंडात आता तिची दोन बोटं एकावर एक जात आणि ती ते येईल त्या पाहुण्याला करून दाखवी. बांधावर बसून ती भाजलेलं कणीस उजव्या बाजूने खात होती, कारण डावीकडे दाढा नव्हत्या. कोंडिबा पाटी घेऊन खाचरात होता. गेणबाचा टिलर शेजारच्या खाचरात बंद पडला.

"कोंड्या, आता कशापायी रं?" गेणबा म्हणाला. "मॅडमनी तर तुला निर्दोष सोडला."

कोंडिबाने बेडूक पाटीत टाकला, गोणपाट झाकलं. टिलर सुरू होऊन गेणबा लांब गेला. शुभांगीने कणसाचा दाणा चावून संपवला आणि विचारलं, "आबा, मला आधी का न्हाई नेलं?"

हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला. यापूर्वी विचारला असता तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. दगड अजून बांधावर होता, तिच्यापासून हाताच्या अंतरावर.

"भ्यालो व्हतो," कोंडिबा म्हणाला.

"कशाला?"

त्याने पाटी बांधावर ठेवली. गोणपाटाखाली बेडूक उड्या मारत होते.

"ह्येंलाच."

शुभांगीने गोणपाट उचलून आत बघितलं आणि ती मोठ्याने हसली. तोंड उघडेल तितकं उघडून. डावीकडे, जिथे दाढा होत्या, तिथे गुलाबी रिकामी जागा दिसली. कोंडिबाने ती पूर्ण पाहिली, मान न वळवता. मग पाटी उचलली आणि वरच्या पडकाकडे निघाला.